चेहऱ्याला हात लावायचा नाही

फिलनामबद्दल कोणी काही सांगावं असं तिच्या आयुष्यात फारसं घडलंच नाही. एकवीस वर्षं बायकांची अंगं घासली, एक पोर वाढवली, संपलं. घडलं ते एकच, आणि त्याचं निम्मं पाप माझ्या माथी आहे. म्हणून मीच सांगते. दुसरं कोणी सांगायला बसलं तर मला सोडून सांगेल, आणि तेही मला चालायचं नाही.

मी मालसुन. कोरियात, मासानच्या बंदरामागे मासळीबाजाराला लागून जे जुनं न्हाणीघर आहे, तिथं दारात बसते. आलेल्या बाईला कपाटाची किल्ली द्यायची, टॉवेल द्यायचे, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते ऐकून घ्यायचं. माझ्या नावाचा अर्थ ‘ही शेवटची’. चार पोरींनंतर बापाने वैतागून ठेवलेलं. फिलनामचं नाव त्याहून भारी. ‘आता तरी मुलगाच होऊ दे’ असा त्याचा अर्थ. म्हणजे पोरीला हाक मारायची आणि मागायचं पोराला. तिच्या पाठीवर भाऊ झाला, आणि तो झाल्यावर हिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. सोळाव्या वर्षी मोजे विणायच्या कारखान्यात, तिथून लग्न, आणि लग्न मोडल्यावर आमच्याकडे.

ठेंगणी, रुंद, मनगटं पुरुषासारखी. काळी काचोळी आणि काळी चड्डी हाच तिचा कामावरचा वेष. वाफेत सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. बाई गरम कुंडात अर्धा तास भिजली की फिलनामच्या गुलाबी टेबलावर आडवी व्हायची, आणि ही हातात तो हिरवा खरखरीत मोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत घासायला लागायची. मळाच्या सुरळ्या निघायच्या. वर्षाचा मळ घेऊन आलेली बाई जाताना तान्ह्या पोरासारखी मऊ होऊन जायची. तोंडावर तोवर किसलेली काकडी थापून ठेवलेली असायची. मोठमोठ्या घरच्या बायका पार चांगवॉनहून गाड्या करून तिच्याकडे यायच्या. मेलेली कातडी कुठं आहे ते तिला बघावं लागत नसे, बोटांना कळायचं. आणि एकदा कळलं की ती काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. माझ्या घरी आली तर बोलता बोलता माझ्या भांड्यांची करपलेली बुडं नखाने खरवडायची.

सोदाम तिची एकुलती एक. बाप मासेमारीच्या बोटीवर होता. तोंड कायम तेलाने चमकणारं, तळणीतून काढल्यासारखं. पोर सहा वर्षांची असताना तो दुसऱ्या बंदरात उतरला आणि तिथलाच झाला. जाताना काही ठेवून गेला नाही, फक्त तेवढी तेलकट कातडी पोरीला देऊन गेला. चौदाव्या वर्षी सोदामच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या. शाळेतल्या पोरी तिला ‘भजी’ म्हणायच्या. ‘भजी आली, कागद आणा गं, तेल टिपायला.’

फिलनामला औषध एकच ठाऊक. तेल म्हणजे मळ, मळ म्हणजे घासायचा. दर रविवारी पोरीला टेबलावर झोपवायची आणि तोंड घासायची. पोर रडायची. आई म्हणायची, “आता दुखेल, मग बरं वाटेल.” दोन दिवस चेहरा लाल, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा दुप्पट तेल. मग पुढच्या रविवारी आणखी जोर. आम्ही सगळ्या बघत होतो आणि म्हणत होतो, कष्टाळू आई आहे हो. मला विचाराल तर ती त्या तेलात नवऱ्याला घासत होती. पण हे मी तिला कधी बोलले नाही. जिथं बोलायचं तिथं मी गप्प बसते आणि जिथं गप्प बसायचं तिथं माझ्या जिभेला हाड नसतं.

एकोणिसाव्या वर्षी एका रविवारी सोदाम टेबलावरून उठून बसली. हनुवटीवरून रक्ताची धार. कुंडात आठ-दहा बायका होत्या. सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, आजपासून माझ्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. कधीच नाही.” आवाज चढवला नाही की काही नाही. फिलनाम बायकांकडे बघून ओशाळवाणं हसली. आठवड्यात पोर बुसानला गेली.

त्यानंतर आठ वर्षं फिलनामला एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, नवरा परत नको. पोरीने एकदा आपल्या हातात तोंड द्यावं. सणावाराला सोदाम यायची, जेवायची, आईला नवे कपडे आणायची, एका अंथरुणात झोपायचीसुद्धा. पण चेहरा मागे. केसात काही अडकलंय म्हणून आईचा हात वर गेला तरी ती उठून आरशापाशी जायची. फिलनाम मला सांगायची, “ताई, दिवसाला वीस परक्या बायकांच्या तोंडावरून हात फिरतो माझा. जिला जन्म दिला तिचं तोंड तेवढं मला बंद.” मी म्हणायचे, “केलंस तसं भर.” असली मी.

बुसानला भुयारी बाजारातल्या एका प्रसाधनाच्या दुकानात सोदाम विक्रीला उभी राहायची. तिथं तिने स्वतःच्या कातडीचा अभ्यास केला. अभ्यासच म्हणते मी, कारण डॉक्टर होणारी पोरंही इतका करत नसतील. महिन्याला एकच नवी वस्तू लावून बघायची, दोन एकदम नाही. सोसली तर ठेवायची, नाही तर टाकायची. कशाने आग झाली, कशाने तेल कमी झालं, सगळं वहीत. तीन वर्षं लागली तिला तिची घडी बसवायला. पुटकुळ्या गेल्या, लाली गेली. डाग होते तेही जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसेनात. तिच्या दुकानात गिऱ्हाइकं तिच्याच तोंडाकडे बोट दाखवून म्हणायची, हे लावता ते द्या.

मग गेल्या वर्षी थंडीत ते दुकान बंद पडलं आणि पोर मासानला आईकडे आली. बुसानच्या एका मोठ्या दालनात प्रसाधनाच्या विभागात जागा निघाली होती. पक्की नोकरी. अर्ज, फोटो, दोन फेऱ्या पार. शेवटची मुलाखत एप्रिलातल्या मंगळवारी. सत्तावीस पुरी झालेली, पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नव्हतं. आणि त्या नोकरीत कागदपत्रांपेक्षा चेहरा आधी बघतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

दोन महिने मायलेकी एका खोलीत. एकच मोरी, एकच आरसा. सोदाम संध्याकाळी तोंड धुवायला बसली की फिलनाम भाजी निवडायचं निमित्त काढून दारात बसायची. पहिल्याच दिवशी ओरडली, “अगं, तेलकट तोंडाला वर तेल? हे आगीत तेल ओतणं झालं.”

“आई, तेलाला तेलच धरतं. दिवसभराचा मेकअप, उन्हाचं क्रीम, सगळं आधी ह्यात विरघळतं. मग फेसाने धुवायचं. कोमट पाण्याने, मोजून मिनिटभर.”

“मिनिटभरात काय निघणार? मी गुडघ्याला पाच मिनिटं घेते.”

“चेहरा म्हणजे गुडघा नव्हे. जितकं खरवडशील तितकं तेल सुटतं. कातडीला वाटतं आपण कोरड्या पडलो, ती आणखी तेल सोडते. तू मला पाच वर्षं तेच केलंस.”

हे ती चिडून म्हणाली नाही. फिलनामने मुळा तसाच हातात धरून ठेवला, असं तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पाच वर्षं पोरीच्या तोंडावर तेल आपणच आणलं, हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि कपाटांच्या ओळीमागे स्टुलावर बसून राहिली.

मग बाईने हट्टच धरला, सगळं शिकायचं. दारात माझ्यापाशी येऊन पाठ म्हणून दाखवायची. “आधी तेल. मग फेस. मग पाण्यासारखं ते टोनर, कापसाने नाही, हाताने. आठवड्यातून दोन रात्री त्या जीवनसत्त्वाचं क्रीम, वाटाण्याएवढं. वरून जेल, घट्ट क्रीम नको. सकाळी उन्हाचं क्रीम, ढग असले तरी.” मग बोट वर करून म्हणायची, “आणि साल सुटलेली दिसली तर ओढायची नाही. त्या क्रीमने सुटते. आपली आपण जाते.” मी म्हणायचे, “एवढं पाठांतर शाळेत केलं असतंस तर मास्तरीण झाली असतीस.” ती म्हणायची, “शाळेत पाठवलं कोणी होतं?”

मार्चच्या शेवटी एका सकाळी आली ती किल्ली न घेताच माझ्यासमोर उभी राहिली. “ताई, काल तिने तोंड पुढे केलं.”

“म्हणजे?”

“म्हणाली, तू लाव. टोनर. मी हात तीनदा धुतले. ती म्हणाली, घासायचं नाही, थोपटायचं. मी थोपटलं. कपाळ, गाल, हनुवटी. डोळे मिटून बसली होती गं.”

फिलनामला मी रडताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मलाही भरून आलं, म्हणून मी तिला ओरडले, “चल, आत जा, गिऱ्हाईक खोळंबलंय.” त्यानंतर रोज संध्याकाळी पोर तोंड पुढे करायची आणि आई थोपटायची. तीन आठवडे. तिच्या आयुष्यातले चांगले दिवस मोजायला बसलात तर ते तेवढेच.

मुलाखतीच्या आधीचा रविवार. आमच्याकडे मोठ्या कामाआधी अंग घासून घेतल्याशिवाय कोणी जात नाही, लग्न असो, परीक्षा असो. सोदाम आठ वर्षांनी न्हाणीघरात आली. कुंडातल्या बायकांनी तिला घेरलं. मासळीवाली योंगजा म्हणाली, “अगं, ही ती भजी? सिनेमात काम करतेस की काय?” कोणी नोकरी चिकटावी म्हणून चिकट मिठाई आणली होती, ती भिजल्या हाताने तिच्या तोंडात कोंबली. पोर हसत होती. टेबलावर झोपताना आईला म्हणाली, “अंग घास. चेहऱ्यावर नुसती काकडी.”

“ठाऊक आहे मला,” फिलनाम म्हणाली.

पाठ झाली, हात झाले, पाय झाले. आठवडाभर झोप नव्हती पोरीला; ऊब मिळाली आणि तिचा डोळा लागला. मी टॉवेल द्यायला आत गेले तेव्हा फिलनाम काकडी ओल्या फडक्याने टिपून काढत होती. आणि काकडीखालून, वाफेने फुगून, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर पांढरी साल उभी राहिली होती. त्या क्रीमची साल. आपली आपण जाणारी.

मी म्हणाले. योंगजा नव्हे, मी. “फिलनाम, हे काय? परवा मुलाखत आणि नाकावर ही कोंड्यासारखी साल? चांगवॉनहून बायका तुझ्याकडे येतात आणि घरच्या पोरीला असं पाठवणार?”

“नको म्हणते ती.”

“झोपलीय. नवा मोजा घे, मऊ. दुधात बुडव. दोनदा फिरव.”

योंगजा कुंडातून म्हणाली, “आईचा हात नाही लागायचा तर कोणाचा?”

फिलनामने माझ्याकडे बघितलं. मला तिचं ते बघणं तेव्हा कळलं नाही. ती मला विचारत होती, मी तिला नको म्हणावं म्हणून. मी म्हणाले, “बघतेस काय, कर.”

तिने पाकिटातून नवा मोजा काढला, दुधात भिजवला, पोरीच्या नाकाच्या कडेने हलकेच फिरवला. साल गुंडाळून आली. खाली गुलाबी, स्वच्छ. “बघ,” मी म्हणाले. तिने दुसऱ्या बाजूने फिरवला. मग हनुवटी. तिथं साल जरा हटून बसली होती, आणि एकवीस वर्षांच्या त्या हाताला हटून बसलेलं काही चालत नसे. मनगट आपोआप वळलं, जोर आपोआप आला. त्या क्रीमने पातळ झालेली कातडी, वरून अर्धा तास वाफ. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी ती सरकली.

सोदामने डोळे उघडले. बोट हनुवटीला लावलं, बोटाकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे. मोजा अजून हातातच होता. फक्त “आई” म्हणाली.

सोमवारी हनुवटी पाझरत होती. मंगळवारी नाण्याएवढी खपली, त्यावर कातडीच्या रंगाची पट्टी, त्यावर जाड मेकअप. गेली तशीच. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं म्हणे, “तेलकट त्वचेच्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगाल?” सोदामने सगळं सांगितलं, आधी तेल, मग फेस, थोपटायचं, ओढायचं नाही. बाई तिच्या पट्टीकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही स्वतः हे पाळता का?”

सोदाम म्हणाली, “हो.” एवढंच. आईचं नाव घेतलं नाही.

दोन आठवड्यांनी नकार आला. फिलनाम पोरीच्या पायाशी बसली. म्हणाली, “मला मार, शिव्या दे.” पोर म्हणाली, “तुझी चूक नाही, आई. मी झोपायला नको होतं.” शिव्या दिल्या असत्या तर फिलनाम वाचली असती. मी स्वतः जाऊन सोदामला सांगितलं, तुझी आई नको म्हणत होती, मीच तिला भरीला घातलं. पोर बाटल्या कागदात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “मावशी, तू सांगितलंस हे खरं. पण हात कोणाचा होता?”

मी खाली बसले आणि उरलेल्या बाटल्या गुंडाळायला लागले.

ती इंचनला गेली. गोदामात खोकी भरायचं काम, दिवसभर तोंडावर मास्क. खपली पडली, पण खाली तपकिरी डाग राहिला. डॉक्टर म्हणाले वर्ष लागेल, कदाचित दोन, कदाचित जाणारही नाही. फिलनाम कामावर येत राहिली. फक्त बायकांच्या तोंडावर काकडी थापेनाशी झाली. वाडगा त्यांच्या हातात द्यायची, “तुमची तुम्ही लावा.” काहींनी नाकं मुरडली, काही दुसरीकडे जायला लागल्या. मी दारातून गप्प बघत होते. गप्प बसायला शिकले, पण वरातीमागून घोडं.

छुसॉकच्या, सुगीच्या सणाला सोदाम आली. मी एकटी बाई, दर वर्षी त्यांच्याकडेच जेवते. आईने चार दिवस राबून सगळं केलं होतं, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या करंज्या, मुळ्याचं सूप, तळलेला मासा. पोर आईशी चांगली बोलली. गोदामातल्या मुकादमाच्या नकला केल्या, आम्ही हसलो. डाग होता, पण तिने मेकअपखाली लपवला नव्हता. आईने माशाचे काटे काढून तुकडा तिच्या भातावर ठेवला, तिने खाल्ला. आणखी मागितला. फिलनामचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला होता. मला वाटलं, निभलं एकदाचं.

मग भाताचं एक शीत सोदामच्या हनुवटीला चिकटलं, डागाच्या अगदी कडेला. फिलनाम काहीतरी बोलत होती, बोलता बोलता तिचा हात पुढे गेला. तो काही विचार करून गेला नाही. कुठल्याही आईचा जातो तसा गेला.

पोरीची मान मागे सरली. दोन बोटं, जास्त नाही. डोळे घट्ट मिटले, खांदे वर आले.

हात तिथंच थांबला. सोदामने डोळे उघडले तेव्हा तिचा रंग उडाला होता. “आई, मी मुद्दाम नाही केलं,” ती म्हणाली. “आपोआप झालं.”

“ठाऊक आहे,” फिलनाम म्हणाली. “आपोआपच होतं ते. तिथं शीत लागलंय. तूच पूस.”

सोदामने शीत पुसलं. फिलनामने उजवा हात मांडीखाली दाबून धरला, आणि उरलेलं जेवण ती डाव्या हाताने, सांडत सांडत, चमच्याने जेवली.